आई, मेथी निवडताना

उंद्री, ता. चिखली
५ नोव्हेंबर २०२५

योगिनी,

वर 'चि.' लिहिलं होतं. मग वाटलं, तेवढं वाचूनच तू पत्र मिटशील, म्हणून नवा कागद घेतला. आशीर्वाद आहेतच, ते कुठं जात नाहीत. फोन तू उचलत नाहीस याचा राग नाही. उचललास तर मी सोयाबीनचा भाव आणि थंडी एवढंच बोलून ठेवून देईन, हे तुलाही ठाऊक आहे. कागदावर निदान माझं अक्षर तरी चांगलं दिसतं. तुझ्या नाशिकच्या शाळेचा पत्ता सिंधूताईकडून घेतला. आत्यावर रागावू नकोस, दोन दिवस मागे लागलो तेव्हा कुठं तिनं दिला.

पत्राचं कारण सांगतो. परवा धामणगाव बढ्याहून तुळशीराम नावाचे एक गृहस्थ आले. गेल्या वर्षी बायको वारली, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाला मांडायला चित्र पाहिजे. हल्ली मोबाइलमधला फोटो तासाभरात फ्लेक्सवर छापून मिळतो, तरी हा माणूस हातानं काढलेलंच पाहिजे म्हणून एवढ्या लांब आला. त्यानं आधार कार्ड पुढं केलं. मी म्हणालो, "यात तर बाई भ्यालेल्या दिसतात."

"कॅमेरा पाहूनच भ्याली होती ते," तो म्हणाला. "तुमी तेवढे डोये चांगले काढा. असे काढा का घरात मी कुठीबी फिरलो तरी तिनं मलेच पाह्यलं पायजे."

मी हो म्हणालो. त्यात काय मोठं? बुबुळं मधोमध बसवायची, दोन्हींत एकाच जागी पांढरा ठिपका द्यायचा, की चित्र सगळ्या घराकडे बघतं. चाळीस वर्षं तेच करत आलोय. पण तो गेला आणि माझं कामात लक्ष लागेना. प्लायच्या तुकड्यांमागं, तुझ्या आईच्या जुन्या पातळात गुंडाळून ठेवलेलं तुझं चित्र मी बाहेर काढलं. जवळजवळ सहा वर्षांनी.

ते तडकलंय. डाव्या भुवईपासून ओठाच्या कडेपर्यंत एक भेग गेलीय, आणि कपाळावरच्या कुंकवाला जाळं पडलंय. दोष माझाच. खालचा रंग कच्चा असताना वर दुकानांच्या पाट्यांचा कडक रंग चढवला की आज ना उद्या तडकतो. हे तुला तू दहा वर्षांची असताना मीच शिकवलं होतं, आणि त्या दिवशी मीच विसरलो.

तुला सगळं माहीत आहे, तरी माझी बाजू एकदा लिहू दे. तुझी आई तीन दिवसांच्या आजारात गेली. तिचा एक धड फोटो घरात नव्हता. जिल्ह्यातल्या तीनशे मेलेल्या माणसांची चित्रं काढली, पण घरच्या माणसाचं एक काढून ठेवलं नाही. तू म्हणालीस, दिवाळीच्या सुट्टीत मी आईचं काढलंय तेच मांडू. तू ते खुर्चीवर ठेवलंस आणि पत्रावळी आणायला चिखलीला गेलीस. मी बघितलं तर चेहरा अर्धवट. डोळ्यांच्या जागी दोन फटकारे, गालावर जांभळा रंग, कपाळ मोकळं. अहेव गेलेल्या बाईच्या कपाळावर कुंकू नाही. सिंधूताई म्हणाली, "दादा, लोकं काय म्हणतीन? वयखू बी नाही येत अन्नपूर्णा." म्हणून मी दोन तास बसून ते पुरं केलं. डोळे काढले, कडा आखल्या, गाल घोटून गुळगुळीत केले, मोठं कुंकू लावलं. तू आलीस, बघितलंस, पत्रावळी खाली ठेवल्यास. तेरवीला सगळ्यांना वाढलंस. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसताना एकच वाक्य बोललीस, "बाबा, तुमी आईची पाटी करून टाकली."

मी तेव्हा म्हणालो होतो की मोठी उंटावरची शहाणी झालीस. ते शब्द आता परत घेतो.

विचारायचं ते एवढंच. माझा रंग मी थिनरनं काढू का? खाली तुझं चित्र असेल. तू नको म्हणालीस तर हात लावणार नाही.

तुझा,
बाबा

उंद्री
११ नोव्हेंबर

योगिनी,

उत्तर आलं नाही. पोस्टाला वेळ लागतो, असं मी पोस्टमनसमोर मोठ्यानं म्हणालो. तो हसला.

रिकामा बसण्यापेक्षा तुझी पेटी उघडली. तुझं ते जाड पुस्तक निघालं, फ्रान्समधल्या त्या चित्रकारांचं, जे दीडशे वर्षांपूर्वी खोलीतून बाहेर पडून उन्हात उभं राहून रंगवायचे. इंग्रजी मला कळत नाही, म्हणून नुसती चित्रं भिंगातून पाहिली. एक बाई खिडकीशी शिवण घेऊन बसलीय. तिच्या गालावर हिरवा रंग आहे, योगिनी. गुलाबीच्या शेजारी सरळ हिरवा ठेवलाय आणि मिसळलेला नाही. जवळून सगळा चिखल वाटतो. पुस्तक खुर्चीवर उभं करून सहा पावलं मागं गेलो तर बाई सुई ओवत होती. मी पुन्हा जवळ गेलो, पुन्हा चिखल. असं पंधरा वेळा पुढं-मागं केलं. शेजारचा हरिओम कुंपणावरून विचारतो, "काका, डाक्टरनं चालाले सांगतलं का?"

मग मीही बसलो. धुण्याच्या दगडावर, जिथं तू आईला बसवायचीस, तिथं मेथीची एक जुडी ठेवली आणि तुझ्या नळ्या घेतल्या. अर्ध्या वाळल्यात, पण टोचून रंग निघतो. सव्वाआठला ऊन कडुनिंबातून दगडावर येतं. मी हिरवा कालवला, लावणार तोवर मेथी पिवळट झाली. पिवळा घातला तर खालच्या पानांत निळं दिसायला लागलं. पावणेनऊला ऊन सरळ झालं आणि सगळी गंमतच गेली. अर्ध्या तासात हातात काय राहिलं तर गवताचा भारा. मेलेल्या माणसावरचं ऊन बदलत नाही, त्यामुळे मला असली घाई कधी करावीच लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता एवढं कळलंय की सावली काळी नसते. त्या दगडाची सावली सकाळी जांभळी आहे. साठीनंतर मला हे दिसलं. तुझ्या पेटीत काळ्या रंगाची नळी अजून सीलबंद आहे, आणि मी आयुष्यात काळ्या रंगाचे डबेच्या डबे संपवले. तू आईच्या गालावर जांभळा लावलास तो सावलीचा होता. मला वाटलं होतं, तुला अंगाचा रंग जमला नाही.

चित्राच्या मागं तू पेन्सिलीनं लिहिलंयस, "आई, मेथी निवडताना. सकाळी सव्वाआठ ते पावणेनऊ. अकरा दिवस." त्या अकरा सकाळी मला आठवतात. ती नुसतं तोंड धुऊन, आंघोळीच्या आधी, बाजाराची मेथी निवडायला बसायची, म्हणून कपाळ मोकळं. पहिल्या दिवशी म्हणाली, "मले काय काढतं? मी काय सिनेमातली हाय?" मग बसली ती बसलीच. मी माझ्या कामाच्या शेडमधून ओरडायचो, "आज चहा भेटन का मी चिखलीत जाऊन पिऊ?" ती "आलेच" म्हणायची आणि उठायची नाही. इतर वेळी हाक पुरी व्हायच्या आत कप हातात असायचा. मला त्या अकरा दिवसांत तुम्हा दोघींचा फार राग आला होता.

इथं थंडी पडू लागलीय. तुझ्याकडं स्वेटर असेल.

बाबा

उंद्री
१७ नोव्हेंबर

योगिनी,

तुझी वाट न पाहता मी हात लावला. आधी तेच सांगून टाकतो.

काल कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून डाव्या गालाच्या कडेला टेकवला. माझा रंग सुरकुतला आणि सायीसारखा निघून आला. खाली तुझा जांभळा होता, आणि त्याला लागून कानाकडं एक नारंगी फटकारा. इतका ताजा की मी हसलो. मग हावरटपणा केला. दुसरा बोळा, तिसरा बोळा. तिसऱ्या बोळ्यावर जांभळा आला. तो तुझा रंग होता. मी बोळा टाकला आणि हात धुवायला गेलो, आणि हात धुतच राहिलो.

नखाएवढी जागा गेली आहे. कॅनव्हासचे धागे दिसतात. आता थिनरची बाटली मी हरिओमच्या घरी नेऊन ठेवली. त्याला म्हणालो, मी मागितली तरी देऊ नको. त्याला वाटलं, म्हातारा ते प्यायला लागला की काय.

आता पहिल्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करतो. लोक काय म्हणतील म्हणून मी तिचा चेहरा पुरा केला, असं लिहिलं ना, ते अर्धंच खरं. सिंधूताई ते बोलली ती नंतर, चित्राचे डोळे रंगवून झाल्यावर. मी तिच्या नावावर खपवलं. तू बाहेर पडलीस तेव्हा घरात मी एकटा होतो. मी ते चित्र जवळून पाहिलं, काही कळलं नाही. पाणी प्यायला मागं गेलो, वळलो, आणि दाराच्या उंबऱ्यातून मला ती दिसली. माझ्या चित्रांतल्या माणसांसारखी ती घोटलेली नव्हती. ऊन, मेथी, दगड, तिचं पातळ, सगळं एकाच लयीत हलत होतं, आणि मध्ये ती बसली होती. आता मान वळवेल असं वाटलं.

योगिनी, ती सुखात होती. मी तेहतीस वर्षांच्या संसारात तिचा तो चेहरा पाहिलेला नव्हता. माझ्यासमोर ती कायम उठायच्या बेतात असायची. चित्रात तिला कुठं जायचं नव्हतं. आणि ती समोर बघत नव्हती, मान किंचित उजवीकडं, नजर कुठंतरी बाजूला. मला वाटलं, ही कोणाकडं बघून एवढी सुखावलीय? माझ्याकडं तर नाही. माझ्याशिवाय तिचं काहीतरी सुख होतं, ते तुला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. मला ते सहन झालं नाही. मी ब्रश घेतला आणि तिचे डोळे समोर फिरवले. आता बघ म्हणालो, माझ्याकडं बघ.

मान बाजूला आणि डोळे समोर, त्यामुळे ती जरा तिरळी दिसते. तेरवीला हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या त्याच दिवशी आलं होतं.

हे वाचून तू कायमची तोंड फिरवलीस तरी चालेल असं लिहिणार होतो. पण ते खोटं झालं असतं. मला तुझी फार आठवण येते. घरात रंगाबद्दल बोलायला कोणी नाही. सावली जांभळी असते हे मी कोणाला सांगू? हरिओमला सांगितलं तर तो हो काका म्हणाला.

माफी नंतर देशील, किंवा देणारही नाहीस. एवढं एकच सांग. ती कुठं बघत होती?

बाबा

नाशिक
२२ नोव्हेंबर २०२५

बाबा,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी चार दिवस उघडलं नाही. तिसरं मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला मुलांना 'आवडेल ते काढा' सांगून खिडकीशी उभी राहिले.

कापूस आणि थिनर लांबच राहू द्या. भेगा पडल्यात हे चांगलंच झालं. कडक रंग तडकला की पात्याच्या टोकानं खपल्या कोरड्याच उचलता येतात. ते माझं काम आहे. कुंकू निघेल की नाही सांगता येत नाही. निघालं नाही तर राहील.

ती कुठं बघत होती ते मी सांगणार नाही. अकरा दिवस मी तिला म्हणत होते, "आई, इकडं पाह्य." ती क्षणभर बघायची आणि पुन्हा मान तिकडंच. शेवटी मी नाद सोडला आणि जशी होती तशी काढली. विचारलं, "कुठं पाहून राह्यली वं?" तर म्हणाली, "कुठी नाही. तू काढ तुयं."

तुम्ही तिच्या जागी बसा. त्याच दगडावर, सव्वाआठला, मान चित्रात आहे तशी करून. तुम्हाला वाटलं मला ठाऊक होतं आणि तुम्हाला नव्हतं. हो, मला ठाऊक होतं. तुम्ही तिचे डोळे फिरवलेत तेव्हा मला राग आला तो माझ्या चित्रासाठी नव्हता.

सहा डिसेंबरला, शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचते. माफीचं काही ठरलेलं नाही. चित्रासाठी येते आहे.

योगिनी

ता. क. काळ्या रंगाची नळी फोडू नका.

उंद्री
३० नोव्हेंबर

योगिनी,

तुझं पत्र बुधवारी आलं. गुरुवारी सव्वाआठला मी दगडावर बसलो. गुडघे वाकेनात, बसताना हरिओमचा हात धरावा लागला. चित्र समोर कुंपणाला टेकवलं आणि त्यात बघून मान तशी केली, किंचित उजवीकडं.

समोर पत्रा दिसला. शेडचा निळा पत्रा, दुसरं काही नाही. मी म्हणालो, पोरीनं चांगली फिरकी घेतली म्हाताऱ्याची. बसून राहिलो. ऊन दगडावर आलं, पत्र्यावर गेलं, आणि पत्रा चकाकायला लागला तेव्हा मला आठवलं की हा पत्रा तेव्हा नव्हता. शेडची ती बाजू उघडी होती. तू गेल्यावर महिनाभरात मी तो ठोकून घेतला. सगळ्यांना सांगितलं की धूळ येते. खरं म्हणजे मला अंगणातला हा दगड दिसायला नको होता.

हरिओमला म्हणालो, पाना आण. दोघांनी मिळून पत्रा काढला. मागं फ्लेक्सच्या चौकटी रचल्या होत्या, त्या हलवल्या. त्यामागं माझं जुनं स्टूल निघालं, तिथंच, रंगाचे डाग पडलेल्या फरशीवर. मी पुन्हा दगडावर येऊन बसलो. मान तशी केली.

सरळ समोर माझं स्टूल होतं.

मी हरिओमला म्हणालो, जरा बस त्याच्यावर. तो माझ्याकडं तोंड करून बसला. मी म्हणालो, तसं नाही, भिंतीकडं तोंड कर. कारण मी तसाच बसायचो. उजेड पाठीमागून, डाव्या खांद्यावरून हातावर यावा म्हणून. तुला आठवत असेल, कोणी शेडमध्ये आलं तरी मी वळायचो नाही. हरिओम वळून बसला आणि मोबाइल बघायला लागला. मला त्याची पाठ दिसली, मान दिसली, कॉलर दिसली. ऊन शेडमध्ये शिरून त्याच्या खांद्यावर पडलं होतं, आणि शर्टच्या घडीतली सावली जांभळी होती.

तिला हे दिसत होतं. अकरा दिवस नाही, तेहतीस वर्षं. मी दुसऱ्यांच्या बायकांचे डोळे काढत बसायचो आणि ती मागून माझी पाठ बघायची. मी चहासाठी ओरडायचो तेव्हाही ती माझ्याकडंच बघत असणार, आणि तो सुखाचा चेहरा करून "आलेच" म्हणत असणार. मी एकदा जरी मान वळवली असती तरी मला तो चेहरा दिसला असता. पण मी वळलो की ती उठायची, म्हणून तो मला कधीच दिसला नाही. आणि तू तो धरून ठेवलास, तर मीच त्यावरून ब्रश फिरवला. ती माझ्याकडं बघत होती ते डोळे मी झाकून टाकले, आणि जगाकडं बघणारे बसवले.

हरिओमनं न वळताच विचारलं, "काका, अजून किती बसू? वळून पाहू का?"

मी नको म्हणालो. मग म्हणालो, पाह्य.

तो वळला आणि मला रडताना बघून बिचारा घाबरला.

तुळशीरामांच्या बाईंचं चित्र काल पुरं केलं. डोळे त्यांनी सांगितले तसेच काढले, सगळ्या घराकडं बघणारे. देताना त्यांना विचारलं, "घरी बाई कुठं बसत व्हत्या?" ते म्हणाले, "चुलीपाशी." मी म्हणालो, "मंग तुमी एक डाव तिथी बसून पाहा, तिथून काय दिसते ते." त्यांनी मला वेड्यात काढलं असेल.

शनिवारी ये. चिखलीहून उंद्रीची शेवटची जीप सात वाजता निघते, पण तू साडेसहाच्या आत पोच, ती कधी कधी आधीच भरते. मी स्टँडवर येणार होतो, पण तुला ते आवडेल की नाही कळत नाही, म्हणून फाट्यावर उभा राहीन. वाटलं तर ओळख दाखव.

चित्राला मी हात लावलेला नाही. ते दगडावर, तिच्या जागी ठेवू. तू रविवारी सव्वाआठला पातं घेऊन बस आणि डोळ्यांपासून सुरुवात कर. चहा मी करीन.

पत्रा परत ठोकलेला नाही. स्टूल आहे तिथंच आहे, फक्त फिरवून ठेवलंय. तू मी रंगवलेल्या डोळ्यांची खपली उचलशील तेव्हा मी त्याच्यावर अंगणाकडं तोंड करून बसलेला असेन.

तुझा,
बाबा